तांड्याकडून तांड्याला

ममता : पासून. प्रति. विषय.

बबलू : अबे देवीलाल, ट्रक मागं घे ना! दुकानात आणतं का आता?

सुखीबाई : पोट्टी झोपेत हासून राह्यली पाहा.

ममता : या तारखेच्या आधी. या तारखेच्या नंतर.

बबलू : बाहेरच्या गंजीतला कापूस उडून येते सारा आतमधी. एक दिवस या की-बोर्डातून बोंडं निघतीन.

ममता : पाहिलेलं. न पाहिलेलं. उत्तर दिलेलं.

सुखीबाई : मी नाही म्हणलं म्हणजे नाही.

ममता : आधी ‘नाही’ लावलं, की त्याच्या उलटं ते शोधायचं.

सुखीबाई : मले काही शोधायचं नाही. तुझी पोट्टी मी ठेवून घेत नाही, एवढंच सांगून राह्यली.

ममता : याडी, मी पुस्तकाचं बोलतेय गं.

सुखीबाई : तुह्यी माय आहे मी. मी पोट्टीचं बोलून राह्यली.

बबलू : काकी, तुम्ही बसा ना त्या पोत्यावर. सोयाबीन आहे, गादीसारखं लागते. सलोनी कशी झोपली पाहा राजासारखी.

सुखीबाई : बसाले नाही आली. हिले सांगाले आली. सकाळपासून सांगून राह्यली, तं ही घर सोडून तुझ्या दुकानात येऊन बसली.

ममता : घरी रेंज नाही म्हणून आले. हे आज द्यायचंय.

सुखीबाई : काय द्यायचं? काळ्या काचेत पांढरी गिचमिड. मी पाह्यलं ना मघाशी. एक चित्र नाही त्याच्यात.

बबलू : हे मी बी विचारणार होतो. लोकं बोटानं सरकवते अन् मेल पाहाते. तू इथं हुकूम टाईप करून राह्यली जुन्या जमान्यातल्या कम्प्युटरसारखा.

ममता : जुन्या कम्प्युटरवर चालावं म्हणूनच केलंय ते. ‘डाक’ नाव आहे त्याचं. कोणा एकाचं नाही, दहा देशातली माणसं फुकट लिहितात. बटणं नाहीत. काय पाहिजे ते लिहायचं आणि एंटर मारायचं. कोणाकडून आलं, कोणाला गेलं, विषय काय, हे झाले रकाने. आणि पाहिलं की नाही, उत्तर दिलं की नाही, या झाल्या खुणा. कोणत्या रकान्याचा काय अर्थ, कोणती खूण कधी लावायची, हे मी मराठीत लिहिते. बस.

बबलू : अन् यासाठी तुले पुण्याले बोलावून राह्यले?

ममता : याच्यासाठी नाही. हे पाहून बोलावतायत. सहा महिने त्यांच्यासोबत बसायचं, असलीच पुस्तकं लिहायची. पुढं घरून.

सुखीबाई : सहा महिने. आयकलं का बबल्या? सहा महिने म्हणते, जशी बाजारातून येते.

ममता : संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय त्यांना.

सुखीबाई : नाही कळव.

ममता : काहून पण? सलोनीचा तुला त्रास आहे का? तुझ्याजवळच झोपते ती.

सुखीबाई : त्रास नाही. माह्याजवळ झोपते, माह्या हातानं खाते. सहा महिन्यांनी तू येशील अन् ती तुझ्याशी बोलणार नाही. मंग तू मले विचारशील, याडी, ही काहून बोलत नाही. मी काय सांगू?

ममता : असं कुठं असतं.

सुखीबाई : मले विचार कसं असते ते. तीन हंगाम ऊस तोडाले गेली तुले आश्रमशाळेत टाकून. तीन हंगाम तुह्या तोंडचा एक शब्द नाही आला. तिथं पाचटाच्या कोप्यात राहायचो. साऱ्या कोपीवरच्या बायांचं घरून यायचं. माह्यं नाही.

ममता : तो विषय नको, याडी.

सुखीबाई : नको कसा? तोच विषय आहे.

ममता : मी काय लिहायचे ते तू कधी ऐकलंस?

सुखीबाई : लिहिलं असतं तं आयकलं असतं.

बबलू : ओ, ओ. पोट्टी उठन. ममता, तुझं ते टेस्टिंग काय म्हणत होती? माह्यी मदत पाहिजे होती ना?

ममता : तांड्याचा मेल पाहिजे. तुझ्या दुकानातला.

बबलू : तो तं सदाचाच उघडा आहे. पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवला बापानं चुन्यानं. कायले पाहिजे?

ममता : पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण खरं चालवून पाहावं लागतं. माझ्या मेलमध्ये काही नाही, सगळं साफ. तुझा तो डबा म्हणजे सगळ्या तांड्याचा. त्याच्यात सगळ्या प्रकारचं सापडेल.

बबलू : सापडन ना! कधी कोणी काही पुसलंच नाही. घराघरातल्या माणसाचा फॉर्म भरला माह्या बापानं, अन् प्रत्येकाच्या फॉर्मवर हाच एक पत्ता. पीकविमा, हॉल तिकीट, गॅस. मागं एकदा बापाच्या नावानं मेल आला, उत्तमसिंगजी, तुमच्यासाठी सुयोग्य वधू मिळाली. माय घरातून निघून गेलती तवा.

सुखीबाई : आठ दिवस माह्या घरी राह्यली. चहा बी गोडच लागायचा तिले.

ममता : थांबा. चालवते. ‘सोबत फाईल असलेलं.’ हं, आलं. ‘विषयात विमा.’ बाप रे, पानंच्या पानं. बरोबर आहे. आता खुणा. ‘ड्राफ्ट.’

बबलू : ते नको काढू, हजार निघतीन.

ममता : का? ड्राफ्ट म्हणजे लिहून न पाठवलेलं. ते इतकं कुठं असतं कोणाचं?

बबलू : तुले माहीत आहे ना बे. आपल्या तांड्यावर पाठवतच कोण होतं? तवा टॉवर नव्हता, फोन लागत नव्हता, दुकानात तेवढं तारेवरचं नेट. अर्धा तांडा कारखान्यावर अन् अर्धा इथं. बापानं डोकं लावलं. म्हणे डबा एकच आहे, तं पाठवायचं कोणाले? लिहा अन् तसंच ठेवून द्या. तिकडचे उघडतीन, वाचतीन, खाली आपलं लिहितीन.

ममता : हां, ते माहीत आहे. एवढं साठलं असेल, वाटलं नव्हतं. पाहा. ‘देवीलालच्या घरी सांगा, बैल देऊ नका, मी येतो.’ ‘रामलालचा पाय बरा, चिंता नाही.’ ‘ममताले सांगा, वामनच्या हातानं चप्पल पाठवली, भेटली का?’

सुखीबाई : हे माह्यं आहे.

ममता : हो.

सुखीबाई : अजून आहे ते?

ममता : आहे. खाली परत आहे. ‘ममता, चप्पल भेटली का?’ त्याच्या खाली. ‘ममता, जेवते का? चप्पल भेटली का?’ पंधरा दिवसांनी. ‘ममताले विचारा चप्पल भेटली का, कोणाले तरी विचारा.’

सुखीबाई : पेंडखजुराच्या रंगाची होती. पट्ट्यावर फूल होतं.

ममता : याडी, किती वेळा तेच विचारलंस तू. सांगितलं तरी तेच. मला वाटायचं, तू आपलं एकच वाक्य पाठ करून ठेवलंयस, पोरगी काय बोलते याच्याशी घेणंदेणं नाही.

सुखीबाई : तू कवा सांगितलं?

बबलू : ममता, पुढं काय चालवायचं?

ममता : एकच राहिलं. काहीच सापडलं नाही तर पडद्यावर काय दिसतं, ते लिहायचंय. म्हणजे असं काहीतरी शोधायचं, की जे नसणारच. रिकामं यायला पाहिजे.

बबलू : मंग माह्या बायकोनं केलेली तारीफ शोध.

ममता : ‘पासून’ तांडा, ‘प्रति’ तांडा. स्वतःच्या पत्त्यावरून स्वतःलाच. असं कोणी करत नाही. तुमच्याकडे तर पाठवतच नाहीत. एंटर.

बबलू : आलं रिकामं?

ममता : नाही.

बबलू : म्हणजे?

ममता : आहेत काही. सगळ्यांवर खूण आहे. न पाहिलेलं. न पाहिलेलं. न पाहिलेलं.

बबलू : सरक बरं. कोणी पाठवलं? हे कोणच्या साली? अगं, बारा-तेरा वर्षं झाली याले. इनबॉक्सात पार खाली दबलं असंन विम्याच्या. विषय वाच ना.

ममता : ‘चप्पल मिळाल्याबाबत.’

सुखीबाई : काय?

ममता : विषय, ‘चप्पल मिळाल्याबाबत.’ ‘माननीय याडी, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चप्पल मिळाली. अंगठा तुटला. सरांनी तार बांधून दिली. चप्पल छान आहे. कळावे. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी, ममता. इयत्ता पाचवी.’

बबलू : आज्ञाधारक विद्यार्थिनी!

ममता : हसू नको. सरांनी एकच नमुना शिकवला होता. सुट्टीचा अर्ज. त्याच्यातच सगळं बसवायचं.

सुखीबाई : परत वाच.

ममता : ‘माननीय याडी...’

सुखीबाई : हळू वाच.

ममता : ‘माननीय याडी. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चप्पल मिळाली.’

सुखीबाई : भेटली होती.

ममता : हो गं. भेटली होती.

बबलू : पण हे पाठवलं काहून तू? लिहून ठेवायचं होतं ना तसंच.

ममता : शाळेतला कम्प्युटर होता. शनिवारी सर मला तांड्याचा डबा उघडून द्यायचे. तुमचं ड्राफ्टमधलं मी वाचायचे आणि उत्तर लिहायचे. सर मागे उभे. म्हणायचे, अर्धवट सोडायचं नाही, ममता. सेंड दाबल्याशिवाय पत्र जात नाही. पत्ता एकच पाठ होता मला. तोच टाकला. सेंड दाबलं की ‘पाठवले’ असं यायचं. मला वाटायचं, गेलं कारखान्यावर.

बबलू : अन् ते गेलं इनबॉक्सात. काकी, तिकडं तुम्हाले वाचून कोण दाखवायचं?

सुखीबाई : धनसिंग मुकादम. बाजाराच्या गावात एक दुकान होतं, आठ दिवसाले सारे जायचो. तो काचेसमोर बसायचा, आम्ही मागं उभ्या. तो नाव घ्यायचा. रामलालच्या घरचं आलं. देवीलालच्या बायकोचं आलं. मी पुढं पुढं सरकायची. सरकत सरकत त्याच्या खांद्याजवळ. तो म्हणायचा, सुखी, तुह्यं काही नाही.

बबलू : अन् तो उघडायचा कुठं?

सुखीबाई : मले काय समजते? डाव्या हाताले, खालतून दुसरं.

बबलू : ड्राफ्ट. माह्या बापानं त्याले तेवढंच दाखवलं असंन. बाकी उघडू नको, पोलिसाची भानगड होते म्हणून भेव बी घातलं असंन. म्हातारा सगळ्याइले तेच सांगायचा.

सुखीबाई : म्हणजे ती त्याच डब्यात होती?

बबलू : त्याच डब्यात. वरच्या कप्प्यात.

सुखीबाई : अन् मी खालच्या कप्प्यासमोर उभी.

(ममताला वाटलं, काचेवर उडून बसलेला कापसाचा तंतू फुंकावा. तिनं फुंकला नाही. तो त्या ओळींवर हलत राहिला, आणि त्याच्या मागं पाचवीतली एक मुलगी, पाय जमिनीला न टेकणाऱ्या खुर्चीवर बसून, एका बोटानं ‘अनुसरून’ हा शब्द शोधत होती.)

सुखीबाई : अजून काय काय आहे?

ममता : ‘शेळी व्याल्याबाबत.’

सुखीबाई : कोणती? काळी?

ममता : ‘माननीय याडी, माझी काकी रविवारी भेटायला आली. तिने सांगितले की आपली शेळी व्याली. दोन पिल्ले झाली, दोन्ही पाटी. एक पाट पांढरी आहे. मी अजून पाहिली नाही.’

सुखीबाई : पांढरी कशी झाली? काळ्या शेळीले?

ममता : मला काय माहीत.

सुखीबाई : बकरा वामनच्या घरचा असंन मंग. वामनचा पांढरा होता. चिक पाजला का त्याइले?

ममता : याडी.

सुखीबाई : काकीले सांग, पांढऱ्या पाटीले रात्री टोपल्याखाली ठेव. कोल्हं येते तिकडून नाल्यातून. लिही ना.

ममता : काय लिहू?

सुखीबाई : उत्तर. तिनं विचारलं नाही, पण सांगाले लागते ना. तुह्या पुस्तकात उत्तराची खूण आहे म्हणत होती.

बबलू : आहे ना काकी. उत्तर दिलं की त्याच्यावर खूण लागते. सरक ममता, मी टाईप करतो. बोला.

सुखीबाई : पयलं चपलीचं. लिही, तारेचं टोक आत वाकव. नाही तं टोचते. चिंधी गुंडाळ त्याले. मी येईन तवा मोच्याकडून नवा अंगठा लावून घेऊ. अन् तुह्या सराले सांग, राम राम.

बबलू : ‘सरांना राम राम.’ पाठवू?

सुखीबाई : पाठव. ते सेंड का काय ते दाब. ठेवू नको तसंच.

बबलू : दाबलं. ममता, पाहा बरं खूण लागली का.

ममता : लागली. ‘पाहिलेलं.’ ‘उत्तर दिलेलं.’

सुखीबाई : आता ती वाचन?

बबलू : कोण, काकी?

सुखीबाई : ही नाही. ती.

ममता : वाचेल, याडी.

सुखीबाई : मले कोपीवर सपन पडायचं. उसाच्या पानाइचा आवाज रातभर, सळसळ सळसळ, त्याच्यातच झोप लागायची. सपनात तू पाण्याच्या टाक्यात उभी. गळ्यालोक पाणी. मले काही सांगून राह्यली. तोंड हालते, आवाज नाही. मी काठावरून म्हणते, जोरानं बोल, छोरी. तू बोलतच राह्यते. मी उठली का कान धुवायची थंड्या पाण्यानं. वाटायचं, कानातच काही भरलं.

ममता : हे कधी सांगितलं नाहीस.

सुखीबाई : कायले सांगू? मी समजली, पोट्टीले राग आला. टाकून गेली म्हणून बोलत नाही.

ममता : घरी आल्यावर विचारायचं होतं. उन्हाळाभर तर सोबत असायचो आपण.

सुखीबाई : घरी आल्यावर तू डोळ्यापुढं असायची. डोळ्यापुढच्या पोरीले काय विचारू, का तू काहून बोलली नाही? तू तिथंच बसून भाकर खाऊन राह्यली. मंग पुढचा हंगाम यायचा.

ममता : मीही नाही विचारलं. मला वाटलं, हिला पत्रं मिळतात, हिला ऐकायचं नसतं.

बबलू : हे पाहा अजून एक. ‘चप्पल मिळाल्याबाबत. संदर्भ, माझे मागील पत्र.’

सुखीबाई : म्हणजे?

बबलू : स्मरणपत्र लावलं काकी तुम्हाले. पाचवीतल्या पोरीनं. तहसीलदाराले लावते तसं.

सुखीबाई : बरं केलं. असंच पाहिजे. पुढचं वाच.

ममता : पुढचं... हे नको.

सुखीबाई : काहून?

ममता : तेच आहे. काही नवीन नाही.

सुखीबाई : बबल्या, तू वाच.

बबलू : ‘विषय, जेवण व रडणे याबाबत. माननीय याडी, कळविण्यात येते की मी रोज पोटभर जेवते. वरण-भात असतो. मी रडत नाही. रात्री सगळ्या मुली गाणी म्हणतात. माझी काळजी नसावी.’ आज्ञाधारक वगैरे.

सुखीबाई : वरण-भात होता.

बबलू : अन् गाणी.

सुखीबाई : आयकलं का ममता? तू जेवत होती. मी तिकडं भाकरीचा तुकडा मोडायची अन् हातातच राहायचा. अन् तू जेवत होती. हे जर त्या धनसिंगानं वाचलं असतं ना, तं मी झोपली असती रे बबल्या. तीन हंगाम झोपली असती मी.

बबलू : उत्तर काय लिहू?

सुखीबाई : लिही, शाब्बास. अन् तू बी लिही, ममता. त्या पुण्याच्या लोकाइले.

ममता : काय?

सुखीबाई : हो म्हण. जाय तू. ठेव सलोनीले माह्याजवळ. मी उगीच भेव घेऊन बसली. पोरी बोलते. आपल्यालेच कप्पा माहीत नव्हता. आता तं तुमचं ते व्हिडिओ असते, रोज तोंड पाहाशील तिचं. जाय.

ममता : बबलूभाऊ, पाठवू नको.

बबलू : काय? ‘शाब्बास’ लिहिलं मी.

ममता : पाठवू नको ते.

सुखीबाई : काहून? मी शाब्बास म्हणू नको का तुले?

ममता : याडी, मी जेवत नव्हते.

सुखीबाई : लिहिलं ना तू.

ममता : लिहिलं. सर मागे उभे असायचे म्हणून नाही. ते काही बोलले नसते. मलाच वाटायचं, तू तिकडं ऊस तोडतेस, तुला हे कशाला. पहिले दोन महिने मी ताट घेऊन बसायचे आणि परत ठेवायचे. आणि गाणी नव्हती. रात्री सगळ्या रडायच्या. एक सुरू झाली की सगळ्या. पुढं पुढं कोणी कोणाला गप्प करायचंच बंद केलं.

सुखीबाई : सारं खोटं लिहिलं?

ममता : चप्पल खरी. शेळी खरी.

बबलू : पाणी देऊ का काकी?

सुखीबाई : नाही.

ममता : तुला ही पत्रं तेव्हाच मिळाली असती तर तू झोपली असतीस. आणि मी तशीच राहिले असते. तुला कधीच कळलं नसतं.

सुखीबाई : ते बी खरं.

ममता : सलोनीला लिहिता येत नाही. पण तिला व्हिडिओत हसता येतं. याडी, ती माझी पोरगी आहे. ती मला हसून दाखवेल. तू तिला आधी तोंड धुऊन पावडर लावून समोर बसवशील आणि ती हसून दाखवेल.

सुखीबाई : मी कायले पावडर लावू?

ममता : लावशील तू.

सुखीबाई : लावीन. तुले घोर नको म्हणून लावीन.

बबलू : मंग आता करायचं काय? पाच वाजत आले. देवीलालचा ट्रक बी भरला. ताडपत्री बांधून राह्यले ते.

ममता : मी लिहिते. ‘येईन. मुलगी सोबत असेल. चार वर्षांची आहे. ती बसेल अशी जागा ऑफिसात किंवा जवळ पाहिजे. ते जमत नसेल तर मी इथूनच काम करेन. तेही जमत नसेल तर नको.’

सुखीबाई : तिसरं कायले लिहितं? दोनच लिही. तिसरं लिहिलं का लोकं तेच धरते.

ममता : बरं. तिसरं काढते.

सुखीबाई : अन् तिथं जमलं तं? ऑफिसात दिवसभर कोण पाहीन तिच्याकडं? तुह्या नवऱ्याचा ट्रक पंधरा पंधरा दिवस येत नाही. तू त्या काळ्या काचेत मान घालून बसशील अन् पोट्टी उतरन रस्त्यावर.

ममता : म्हणून तू चल ना.

सुखीबाई : मी?

ममता : तूर निघाली की ये. तोवर मी करते कसंतरी.

सुखीबाई : शेळ्या कोण पाहीन माह्या? हा?

बबलू : पाहीन ना काकी. ऑनलाइन पाहीन.

सुखीबाई : तुह्या हातात दिल्या तं एकेक करून विकशील अन् मले मेल करशील, शेळ्या आनंदात आहे म्हणून.

बबलू : आज्ञाधारक विद्यार्थी, बबलू.

सुखीबाई : चूप राह्य. ममता, पाठवलं का?

ममता : पाठवते. हे गेलं.

सुखीबाई : कुठं गेलं ते पाहा एकदा. नीट पाहा.

ममता : त्यांच्याच पत्त्यावर गेलंय. पुण्याला.

बबलू : अन् या पुस्तकाचं काय? ते रिकाम्याचं उदाहरण राह्यलंच ना तुझं.

ममता : दुसरं काहीतरी टाकते. हत्ती शोधते. विषयात हत्ती.

बबलू : आला तं? माह्या बापाचा भरवसा नाही.

ममता : नाही. रिकामं. ‘काहीही सापडले नाही.’ झालं, एवढंच पाहिजे होतं. आणि हे तांडा-तांडाचं उदाहरण मी वेगळ्या पानावर टाकते. ‘स्वतःच्या पत्त्यावरून स्वतःलाच पाठवलेले संदेशही असू शकतात. शोधताना सर्व कप्पे पाहावेत.’ नावं नाही टाकत कोणाची.

सुखीबाई : चपलीचं टाक. नाव नको टाकू, पण चपलीचं टाक.

ममता : विषय, ‘चप्पल मिळाल्याबाबत.’ टाकते.

सुखीबाई : अन् ते शेवटचं? मघाशी तिथं अजून एक होतं. बिनाविषयाचं. तू बोट ठेवलं होतं त्याच्यावर.

ममता : ते तिसऱ्या हंगामातलं.

सुखीबाई : काय आहे त्याच्यात?

ममता : ‘मी सगळं सांगते तरी तू तेच तेच विचारतेस. आता मी सांगणार नाही.’

सुखीबाई : माननीय याडी नाही?

ममता : नाही.

सुखीबाई : आज्ञाधारक?

ममता : ते पण नाही.

सुखीबाई : हे खरं होतं.

ममता : हो.

सुखीबाई : मंग त्याले उत्तर नको देऊ आज. राहू दे. घरी देईन मी.

बबलू : निघाला पाहा ट्रक. हॉर्न कमी कर ना बे देवीलाल, पोट्टी झोपली! कोण कोण चाललं यंदा ऊस तोडाले? काकी, तो वर बसलेला रामलालचा ना? हात हालवून राह्यला तुम्हाले.

सुखीबाई : हालवू दे.

ममता : सलोनी उठली. ये गं. ये इकडं. पाहा कापूस लागला सारा केसांना.

सुखीबाई : आण माह्याजवळ. तुले काढता नाही येत, तू ओढतं. ममता...

ममता : काय?

सुखीबाई : पयल्या साली घाटात आमचा ट्रक पंक्चर झालता. मी खाली उतरून मागं, तुह्याकडं चालत निघालती. पुलालोक आलती.